एका बाईमागे तीस मुलं

ऋजुता दातारचा पुराव्यावर फार विश्वास होता. एखादी योजना कानाला गोड लागते म्हणून ती चालवायची नसते, ती माणसांच्या खरंच उपयोगी पडते का हे आधी मोजायचं असतं, असं ती डोंबिवलीच्या घरी जेवता जेवता आईबाबांना ऐकवायची. बाबा बँकेतून निवृत्त झालेले. ते कौतुकाने मान डोलवायचे आणि जिन्यात भेटेल त्याला सांगायचे, "आमची ऋजुता सरकारला अक्कल शिकवते." बाबांची काही चूक नव्हती. असली पोर घरात असल्यावर कुठला बाप गप्प बसेल? पोर हुशार होती यात शंका नाही. शिवाय भाबडीही होती, आणि हे दोन गुण एका अंगात आले की त्याचा भुर्दंड बहुतेक वेळा दुसऱ्यालाच पडतो.

तिचं ऑफिस ठाण्याला कोपरीत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. दुसऱ्यांनी चालवलेल्या योजनांची परीक्षा घ्यायची, एवढंच त्या संस्थेचं काम. संस्थेच्या प्रमुख शुभदा कर्णिक. सुती साड्या, कपाळावर बारीक टिकली आणि मऊ आवाज. एखाद्या योजनेचा गळा आवळायचा झाला तरी तो आवाज कधी चढत नसे. ऋजुता त्यांना शुभदाताई म्हणायची आणि आपणही पुढे असंच व्हायचं हे तिने ठरवून टाकलं होतं.

त्या वेळी परीक्षेला बसली होती पाळणाघरं. सरकारच्या एका खात्याने कोपरपासून कल्याणपर्यंतच्या चाळींमध्ये कामाला जाणाऱ्या बायकांसाठी फुकट पाळणाघरं काढली होती. सगळ्या चाळींना पुरतील इतके पैसे नव्हते, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. ज्या चाळीची चिठ्ठी निघाली तिथे पाळणाघर, एक सेविका आणि पंधरा मुलं. ज्यांची निघाली नाही त्यांना संस्थेच्या भाषेत 'तुलनेच्या चाळी' म्हणत. त्यांना काहीच द्यायचं नव्हतं. फक्त अधूनमधून जाऊन त्यांच्या पोरांची उंची, वजन आणि बोलणं तपासायचं, बायका कामाला जातात का ते विचारायचं आणि उठून यायचं. दोन वर्षांनी दोन्हींची तुलना करायची. फरक दिसला तर खातं अशी पाळणाघरं गावोगाव काढणार होतं आणि दिसला नाही तर आहेत तीही मार्चअखेर बंद होणार होती.

फरक दिसला नाही.

"शून्य," शुभदाताई स्क्रीनकडे बघत म्हणाल्या. "मुलांच्या वजनात नाही, बोलण्यात नाही, आयांच्या कामावर जाण्यातसुद्धा नाही. दोन्हीकडे सारखंच. धारपसाहेबांना महिनाअखेरीला अहवाल द्यायचाय. लिहायला घे."

धारपसाहेब म्हणजे खात्याचे अधिकारी. अहवाल वाचणारा अधिकारी अशी त्यांची ख्याती होती, आणि ते तो खरोखरच वाचायचे. संकट तेच होतं.

जे मोजायचं त्यात जीव गुंतवायचा नाही हा ऋजुताचाच नियम होता, पण ठाकुर्लीच्या पाळणाघरातल्या केशरबाई जाधव तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात. चाळीच्या टोकाच्या एका खोलीत त्या पाळणाघर चालवायच्या. जाड भिंगांचा चष्मा, कमरेला पट्टा आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंडाची टकळी. पोरं त्यांना आजी म्हणायची. हे पाळणाघर काही कामाचं नाही, असं आता ऋजुताने स्वतःच्या हाताने लिहायचं होतं. पुरावा म्हणजे पुरावा, असं मनाला बजावत तिने अहवालाचं पहिलं पान उघडलं.

लिहिण्याआधी काही घरांची फेरतपासणी करायची रीत होती. त्यासाठी ती ठाकुर्लीलाच गेली, नाल्यापलीकडच्या तुलनेच्या चाळीत. एका चार वर्षांच्या मुलीची चाचणी झाली. चित्रं ओळखून झाली, ठोकळे रचून झाले, मग बक्षीस म्हणून बिस्किट निघालं. आईने मुलीचे हात धुतले आणि पुसायला पदर पुढे केला. मुलीने हात मागे ओढले. पंख्याखाली जाऊन तिने दोन्ही पंजे वर धरले आणि डोळे मिटून शहाण्यासारखी उभी राहिली. हात सुकल्यावर मगच तिने बिस्किट घेतलं.

ऋजुता बघतच राहिली. ही केशरबाईंची शिकवण होती. एका टॉवेलने सगळ्या पोरांना खरूज झाली होती तेव्हापासून त्यांनी पाळणाघरात टॉवेलच बंद केला होता. हात धुवा, पंख्याला दाखवा, मग खा. ही पद्धत आसपास दुसरीकडे कुठेच नव्हती.

"हे कुणी शिकवलं हिला?" तिने विचारलं.

आईचा चेहरा एकदम पडला. "असंच... पोरं काय, कुठूनपण शिकतात मॅडम."

ऋजुता तिथून निघाली आणि कुणाला न कळवता नाला ओलांडून थेट पाळणाघरात शिरली. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पंधरा मुलांच्या खोलीत तीसेक तरी होती. काही जमिनीवर झोपलेली, काही ताटल्या घेऊन बसलेली, दोन तर खिडकीच्या कट्ट्यावर. एका कोपऱ्यात केशरबाई एकाला भरवत होत्या. दुसऱ्या कोपऱ्यात त्यांची मुलगी मेघना एकाचं ढुंगण धूत होती, आणि दुसरा तिच्या पाठीवर लोंबकळत होता.

"ताई, तुम्ही आज?" केशरबाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. "आज तर तुमचा वार नाही."

"ही मुलं कुठली, केशरबाई?"

केशरबाईंनी लेकीकडे बघितलं. लेकीने खांदे उडवले. "आता काय लपवतेस, आई? दिसतायत ना त्यांना."

मग सगळं बाहेर पडलं. पाळणाघर सुरू झालं त्याच आठवड्यात नाल्यापलीकडची एक बाई कडेवर पोर घेऊन दारात उभी राहिली होती. तिला पाकिटं भरायच्या कारखान्यात काम लागत होतं, पण पोर ठेवायला जागा नव्हती. केशरबाईंनी पोर आत घेतलं. मग दुसरी आली, मग तिसरी. संस्थेची माणसं मोजायला यायच्या दिवशी मेघना नाल्यापलीकडची सगळी पोरं घेऊन बुद्धविहाराच्या ओसरीवर जाऊन बसायची. पोरांना सांगायची, आज सहल आहे. एकानेही कधी तोंड उघडलं नाही.

"अहो, पण त्यांची चिठ्ठी निघाली नव्हती!" ऋजुता म्हणाली. "आम्ही सांगितलं होतं ना, दुसऱ्या चाळीतली मुलं घ्यायची नाहीत म्हणून?"

"सांगितलेलं," केशरबाई म्हणाल्या. "पण ताई, दारात आलेलं लेकरू, त्याला काय विचारू? तुझी चिठ्ठी निघाली का रे बाबा म्हणून?"

ऋजुताला राग यायला हवा होता, पण आला आनंद. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नाल्याच्या दोन्ही बाजूंची पोरं एकाच पाळणाघरात वाढली, मग त्यांच्यात फरक दिसणार कसा? शून्य आलं ते पाळणाघर निरुपयोगी होतं म्हणून नाही. ते इतकं उपयोगाचं होतं की ते कुणाला नाकारणं कुणालाच जमलं नाही. पुढचे चार दिवस ती बाकीच्या पाळणाघरांत अशीच न सांगता गेली. जवळजवळ प्रत्येक सेविकेने तेच केलं होतं. कुणी दहा जास्तीची पोरं घेतली होती, कुणी बारा. केशरबाईंनी सगळ्यात जास्त.

परत येऊन ती केशरबाईंच्या शेजारी जमिनीवर बसली. "हे सगळं मला अहवालात लिहायचंय. तुमच्या नावानिशी."

"नको गं बाई. काढून टाकतील मला."

"उलट होईल. आत्ता अहवाल जसा आहे तसा गेला तर मार्चमध्ये सगळीच पाळणाघरं बंद. तुम्ही खरं सांगितलंत तर ती वाचतील. आणि एका बाईला एवढी मुलं सांभाळावी लागतात हे कळल्यावर मदतनीस द्यावीच लागेल त्यांना. पगारी मदतनीस."

'मदतनीस' म्हटल्यावर मेघनाने पहिल्यांदा वर बघितलं. तिला कल्याणच्या एका नर्सिंग शाळेत प्रवेश मिळाला होता. मागच्या वर्षी तिने तो सोडला. आईची कंबर धरलेली, पोरं वाढत चाललेली, मग जाणार कशी? शाळेने यंदा पुन्हा नाव घेतलं होतं, पण जुलैपर्यंत हजर झाली नाही तर परत नाही असं स्पष्ट सांगितलं होतं.

"पक्कं ना, ताई?" तिने विचारलं. "नाहीतर आमची वाट लागायची."

"पुरावा आहे माझ्याकडे," ऋजुता म्हणाली. "पुराव्यापुढे कुणाचं काही चालत नाही."

पोरीने विश्वास ठेवला. केशरबाईंनीही ठेवला. त्या दिवशी ऋजुताला त्यांनी जबरदस्तीने जेवायला बसवलं, आणि चवळीची उसळ तिसऱ्यांदा वाढताना त्या म्हणाल्या, "तुम्ही आपल्याच घरातल्या वाटता बघा."

शुभदाताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आधी त्यांच्या कपाळाला आठी पडली, कारण दोन वर्षांचा प्रयोग या बायकांनी नासवला होता. मग हळूहळू ती आठी सुटली आणि त्या पुढे झुकल्या.

"म्हणजे जी मुलं प्रत्यक्षात पाळणाघरात आली, मग ती कुठल्याही चाळीची असोत, ती सगळी सुधारली?"

"हो. न आलेल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त. मी सगळी आकडेमोड पुन्हा करून बघितलीय."

"आणि खर्च तेवढाच?"

"खर्च?"

"अगं, खर्च पंधरा मुलांचा आणि मुलं तीस. म्हणजे एका मुलामागचा खर्च निम्मा." शुभदाताईंचे डोळे चमकायला लागले. "ऋजुता, ही देशातली सगळ्यात स्वस्त पाळणाघरं असतील. धारपसाहेब नाचतील."

ऋजुताला आधी ते कळलंच नाही. कळलं तशी ती घाईने म्हणाली, "पण ताई, तीस मुलं एकटीने सांभाळलीच नाहीत त्यांनी. मेघना होती. बाकीच्या ठिकाणीही कुणाची सासू होती, कुणाची बहीण. निम्मं काम त्यांनी केलं."

"पगार कुणी दिला त्यांना?"

"कुणीच नाही."

"त्यांचे तास कुणी मोजले? आपण मोजले?"

"नाही. आपल्याला ठाऊकच नव्हतं."

"मग मी ते कुठल्या रकान्यात लिहू?" शुभदाताईंचा आवाज फार मायाळू झाला. "जे मोजलं नाही ते लिहायचं नाही, हे तूच नव्या मुलांना शिकवतेस ना? वाईट मलाही वाटतं गं. पण वाईट वाटणं हा पुरावा नाही."

ऋजुता भांडली. अगदीच भांडली नाही असं म्हणता येणार नाही. दोन दिवस ती मेघनाबद्दलचा परिच्छेद अहवालात घालत होती आणि शुभदाताई तो काढत होत्या. शेवटी त्याची तळटीप झाली. मग तळटीप लांबली म्हणून छाटली. अहवाल छापून आला तेव्हा मेघनाचं वर्ष, तिची नर्सिंगची शाळा आणि तिच्या पाठीवर लोंबकळणारी पोरं, या सगळ्याच्या जागी चारच शब्द उरले होते: 'कुटुंबीयांचा उत्स्फूर्त सहभाग लाभला.' त्याच आठवड्यात शुभदाताईंनी सांगितलं की अहवालावर पहिलं नाव ऋजुताचं असेल आणि धारपसाहेबांसमोर तीच बोलेल. बाबांनी पेढे आणले. ऋजुताने एक पेढा खाल्ला आणि तो तिला गोडही लागला.

तिने स्वतःची समजूत काढली ती अशी. निर्णय अजून झालेला नाही. बैठकीला धारपसाहेब येणार, केशरबाईही येणार, कारण संस्था त्यांचा सत्कार करणार होती. केशरबाईंनी स्वतःच्या तोंडाने मदतनीस मागितली तर साहेब नाही म्हणू शकणार नाहीत. ती ठाकुर्लीला गेली आणि तिने केशरबाईंकडून ते पाठ करून घेतलं.

"साहेब विचारतील, तेव्हा काय म्हणायचं?"

"म्हणायचं, साहेब, काम मला एकटीला झेपत नाही. दुसरी बाई द्या."

"अगदी असंच म्हणा. लाजायचं नाही."

"नाही लाजत," केशरबाई म्हणाल्या. मेघनाने तेवढ्यात त्यांना आणखी दोनदा म्हणायला लावलं.

बैठक ठाण्यातल्या एका सभागृहात झाली. केशरबाई निळी काठापदराची साडी नेसून आल्या. सोबत मेघना होती, आणि दोन्ही चाळींतल्या वीस-पंचवीस बायकाही कामाला दांडी मारून आल्या होत्या. आपल्या आजीचा सत्कार होणार म्हणून त्यांचे चेहरे फुलले होते. ऋजुताने पडद्यावर आलेख दाखवले. ती छान बोलली. धारपसाहेब मन लावून ऐकत होते आणि मधूनमधून काहीतरी टिपून घेत होते. मग केशरबाईंना व्यासपीठावर बोलावलं, शाल पांघरली, हातात नारळ दिला. टाळ्या थांबेनात. खाली बसलेली नाल्यापलीकडची ती पहिली बाई रडत होती.

धारपसाहेब चांगले गृहस्थ होते. त्यांनी स्वतः उठून केशरबाईंना नमस्कार केला आणि माईक त्यांच्यापुढे धरला. "मावशी, मला अगदी खरं सांगा. एवढी मुलं सांभाळणं तुम्हाला जड जातं का?"

मेघनाने पहिल्या रांगेतून आईकडे बघत मान हलवली, की बोल.

केशरबाईंनी समोर बघितलं. समोर त्या सगळ्या बायका होत्या. ज्यांची पोरं त्यांनी न्हाऊमाखू घातली होती, ज्यांच्याकडून कधी दमडी घेतली नव्हती, त्या सगळ्या त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांच्यादेखत, अंगावर शाल असताना, तुमची लेकरं मला जड झाली असं म्हणायचं? आमच्या बाया पाहुण्याला भाकरी कमी आहे असं कधी सांगत नाहीत. स्वतःच्या ताटातली अर्धी मोडून देतील आणि वर म्हणतील, मला भूकच नाही. केशरबाई तसल्याच घडणीच्या. पाठ केलेलं सगळं त्यांच्या तोंडापर्यंत आलं आणि तिथेच अडकलं.

"छे छे साहेब," त्या म्हणाल्या. "लेकरांचं कसलं ओझं? अजून दहा आली तरी सांभाळीन मी."

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. बायका उभ्या राहिल्या. मेघनाने डोळे मिटून घेतले.

धारपसाहेब हसले, पण ते खरोखरच काळजीपूर्वक काम करणारे अधिकारी होते. म्हातारीच्या भावनेच्या भरातल्या बोलण्यावर ते निर्णय घेणार नव्हते. ते ऋजुताकडे वळले. "मॅडम, तुम्ही दोन वर्षं अभ्यास केलाय. यांचं राहू द्या, तुम्ही सांगा. एका सेविकेला एकटीला तीस मुलं झेपतात? मी उद्या हाच नियम करणार आहे, म्हणून विचारतोय."

प्रश्न इतका सरळ होता की त्याला 'नाही' एवढंच उत्तर पुरलं असतं. ऋजुताला ते उत्तर ठाऊक होतं. तिने ते डोळ्यांनी बघितलं होतं. मेघनाचे डोळे आता उघडे होते आणि ते तिच्यावरच खिळले होते. शुभदाताईही बघत होत्या, किंचित हसत, मान एका बाजूला कलती करून. मागे पडद्यावर अहवालाचं पहिलं पान होतं आणि त्यावर ठळक अक्षरात ऋजुता दातार. 'नाही' म्हटलं तर साहेब विचारणार, मग हे अहवालात का नाही? आणि मग सगळ्यांसमोर अहवाल खोटा ठरणार, नाव खोटं ठरणार.

"आमच्या नोंदींप्रमाणे," ऋजुता म्हणाली, "हो, झेपतात."

धारपसाहेबांनी ते टिपून घेतलं.

बैठक संपल्यावर चहा होता. ऋजुता गर्दीतून वाट काढत मेघनापर्यंत गेली. तिला काहीतरी समजावून सांगायचं होतं. तळटीप कशी छाटली, तिने किती प्रयत्न केला, पुढच्या अहवालात ती नक्की घालेल. मेघना आईची शाल घडी करून पिशवीत ठेवत होती.

"मेघना, ऐक ना—"

"तुम्ही जा ताई, तुम्हाला साहेब बोलावतायत," मेघना म्हणाली. साहेब खरंच बोलावत होते. ऋजुता गेली.

आपण काय बोलून बसलो ते केशरबाईंना कळायला ठाकुर्लीपर्यंतचा प्रवास लागला. वाटेत त्या लेकीला दोनदा म्हणाल्या, "अगं, सगळ्या बायका समोर होत्या. कसं म्हणू?" मेघनाने आईचा हात धरून तिला स्टेशनचा जिना उतरवला.

पाळणाघरं वाचली. त्याबाबतीत ऋजुताचा शब्द खरा ठरला. ती वाढलीही, आणखी कितीतरी गावांत निघाली, आणि सगळीकडे एकच नियम लागला: एका बाईमागे तीस मुलं. मदतनिसाच्या पदाची शिफारस कुठेच नव्हती, कारण ती लागते असा पुरावा नव्हता. ठाकुर्लीत नाल्यापलीकडची पोरं आता कायदेशीर झाली, त्यामुळे तीस जागा पहिल्याच दिवशी भरल्या. मग त्याच्याही पलीकडच्या, रुळांच्या बाजूच्या झोपड्यांमधली एक बाई कडेवर पोर घेऊन दारात उभी राहिली. केशरबाईंनी पोर आत घेतलं.

जुलै येऊन गेला. कल्याणच्या शाळेने मेघनाच्या जागी यादीतली पुढची मुलगी घेतली.

हिवाळ्यात ऋजुता परत ठाकुर्लीला आली. आता ती प्रकल्पप्रमुख होती आणि तिच्याकडे नवीन पाहणी होती. पाळणाघरं निघाल्यावर त्या घरांमधल्या तरुण मुली नोकरीला लागतात का, हे मोजायचं होतं. प्रश्न तिनेच तयार केले होते. ते लोकांना कळतात की नाही हे आधी दोन-चार घरांत विचारून बघायचं होतं, आणि त्यासाठी हाताखालच्या कुणालाही पाठवता आलं असतं. ती स्वतः आली. मनावरचं थोडंफार उतरवावं असं तिला वाटत असणार. अशी माणसं तेवढ्यासाठी लांबून येतात.

केशरबाई खाटेवर आडव्या होत्या. कंबर पार गेली होती, उठून बसायलाही आधार लागायचा. झोपल्या झोपल्या त्या पायाने पाळण्याची दोरी ओढत होत्या. "या ताई," त्यांनी हात जोडले आणि लगेच लेकीला म्हणाल्या, "अगं, चहा टाक ताईंना."

मेघनाने चहा टाकला. तिच्या कडेवर एक पोर होतं, दुसऱ्याने तिचा ओढणीचा शेव धरला होता आणि बाकीची पोरं खोलीभर पसरली होती. चहाचा कप ठेवून ती दारापाशी उभी राहिली. "विचारा."

ऋजुताने टॅब काढला. नाव भरलं, वय भरलं, शिक्षण भरलं. पुढचा प्रश्न होता, सध्या काय काम करता? तिने तो वाचून दाखवला.

"पर्याय असतील ना?" मेघना म्हणाली.

"नोकरी. मजुरी. स्वतःचा धंदा. शिक्षण." ऋजुताचा आवाज खाली गेला. "काहीच नाही."

"मग काहीच नाही."

"अगं, पण तू तर—"

"मी तर काय? पगार आहे का? नाही. धंदा आहे का? नाही. शिक्षण चालू आहे का?" कडेवरचं पोर रडायला लागलं, तिने त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. "लिहा ताई. पोरांचं जेवण खोळंबलंय."

ऋजुताने 'काहीच नाही' वर बोट टेकवलं. टॅबवर आपोआप पुढचा प्रश्न आला. काम न करण्याचं कारण काय? खाली तीन पर्याय होते: घरचे सोडत नाहीत, योग्य काम मिळत नाही, इच्छा नाही. यापैकी एक निवडल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं. तशी सोय ऋजुतानेच केली होती, म्हणजे कुणी उत्तर टाळू नये.

खाटेवरून केशरबाई म्हणाल्या, "काय गं, काय विचारतायत ताई?"

"काही नाही आई, तू पड." मेघनाने वाकून टॅबवरचे तिन्ही पर्याय स्वतः वाचले. सावकाश वाचले. "शेवटचं," ती म्हणाली. "इच्छा नाही."

"मेघना, हे मी असं नाही लिहू शकत."

"का? तुम्ही बसलात इथे, मी माझ्या तोंडाने सांगतेय. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

ती पोरांना ताटल्या मांडायला आत गेली. ऋजुताने 'इच्छा नाही' निवडलं आणि पान पुढे सरकलं.